मदत हवी आहे: तिकीट निम्मं केलं, तरी कबड्डीला घरची मंडळी का येत नाहीत?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं मंडळ डिसेंबरात रात्रीची कबड्डी भरवतं. गेल्या वर्षी गॅलरीचं तिकीट १०० वरून ५० रुपये केलं, तरी निम्मी गॅलरी मोकळी. मग घरोघरी विचारलं. पैशाचं फारसं कुणी बोललंच नाही. "सामने अकराला सुटतात, मैदानामागं अंधार, पोरींना घेऊन कसं यायचं?" हेच जिथंतिथं. तिथं काही वाईट घडल्याचं माझ्या तरी कानावर नाही, पण भीती मनात बसली की बसली. मिरजेकडच्यांना परतीच्या गाडीची काळजी, ती वेगळीच.

मार्च २०२३ मध्ये याच सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आपल्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. आपल्या मुलींनी गॅलरीत बसून खेळ बघावा असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी स्पर्धा भरवल्यात त्यांनी सांगा: तिकीट परत १०० करून तो पैसा रस्त्यावरच्या दिव्यांवर आणि गेटवरच्या महिला स्वयंसेवकांवर घालावा का? सामने पाचला सुरू केले तर नोकरदार तुटतील का? आणि पोलीस बंदोबस्ताचा अर्ज तुम्ही किती दिवस आधी देता?