'शिनोबी'तलं 'निन्' मराठीत कसं आणायचं?

अबोली
जपानी शिकणाऱ्यांसाठी जपानातल्या इगा आणि कोका इथल्या निन्जा घराण्यांवर मराठीत टिपण करते आहे. पहिल्याच पानावर गाडी अडली. 'निन्' हे अक्षर दोन चिन्हांचं: वर पातं, खाली काळीज. अर्थही दोन, लपणं आणि सोसणं. 'शिनोबु' या क्रियापदात हे दोन्ही अर्थ आहेत आणि 'शिनोबी', म्हणजेच निन्जा, हा शब्द त्यावरूनच आला. मी 'गुप्तहेर' लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली, "यात सोसणं कुठे गेलं?" 'सहनशील' लिहिलं, तर लपणं गेलं. १६७६ च्या 'बान्सेनशूकाई' या निन्जांच्या ग्रंथात आधी येतं ते 'सेइशिन', म्हणजे सरळ मन. कुलपं उघडणं, आगी लावणं हे सगळं त्यानंतर. मन सरळ नसेल तर ही विद्या म्हणजे निव्वळ चोरी, असं तो ग्रंथ बजावतो. म्हणून हाच शब्द चुकवून मला चालणार नाही. दोन्ही अर्थ पेलणारा एक मराठी शब्द आहे का?

गढीवरचा
'गुप्तहेर' तर नकोच. हेर गुप्तच असतो. 'जासूद' घ्या. सभासद बखरीत बहिर्जी नाईक जासुदांचे नाईक आहेत. रुळलेला, कणखर शब्द आहे.

पारिजात
जासूद फारसीतून आलेला. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? संस्कृतात 'चार' आहे, 'तितिक्षा' आहे. मूळ शब्द ग्रंथातला असेल तर प्रतिशब्दही त्या तोलाचा हवा.

गढीवरचा
आणि सभासदाला मराठी येत नव्हती का? जो शब्द खेड्यापाड्यांत पोचला तो मराठीच. 'चार' लिहिलंत तर वाचणारा 'कोण चार?' असं विचारेल.

कोरांटी
पारिजातदादांच्या म्हणण्यात एक धागा मात्र पक्का आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा सहा पारमितांमधल्या (म्हणजे अंगी बाणवायच्या गुणांमधल्या) 'क्षांती'साठी, म्हणजे सोशिकपणासाठी, हेच 'निन्' अक्षर घेतलं गेलं. जपानीत तिला 'निन्निकु' म्हणतात. आपण राहतो त्या जगाला बौद्ध ग्रंथ 'सहा' लोक म्हणतात (आकड्यातला सहा नव्हे), त्याचं भाषांतरही 'निन्दो', सोसण्याची भूमी. शिवाय योद्धे ज्या मारिशितेनची उपासना करत, ती आपली मरीची देवी. तेव्हा 'क्षांती' परका शब्द नाही. लपण्याचा अर्थ मात्र त्यात नाही, हे खरं.

ओंजळ
मला ग्रंथातलं फारसं कळत नाही, पण अबोलीताईंचा प्रश्न वाचून आजी आठवली. ७२ च्या दुष्काळात आमच्याकडे बियाण्याची ज्वारी पेवात होती. तोंडावर फरशी, फरशीवर शेणानं सारवलेलं. आई तेव्हा आठ वर्षांची. ती आणि मामा त्याच फरशीवर बसून सागरगोटे खेळायचे. पोटात काही नाही आणि बुडाखाली दोन पोती दाणे. भूक लागली म्हणून रडू आलं की आजी एवढंच म्हणायची, "पोटात ठेव." सांगू नको आणि सोस, दोन्ही एका दमात. पुढच्या मृगात तेच बी पेरलं. मला तुमचं ते अक्षर असंच वाटतं. वर फरशी, खाली पोट.

अबोली
ओंजळताई, हे वाचून मी बराच वेळ थांबले. 'पोटात ठेवणे' डोक्यात आलंच नव्हतं.

पारिजात
प्रसंग हृदयाला भिडतो, पण 'पोटात ठेवणे' हा वाक्प्रचार आहे. त्याचं नाम कसं करणार? 'पोटात घालणे'शी गोंधळही होईल, तो क्षमेचा.

गढीवरचा
आणि शिनोबी नुसता सोसत बसत नाही, त्याला काम फत्ते करून परतायचं असतं. 'दबा' घ्या. जपानातही प्रांताप्रांतांत या लोकांना वेगवेगळी नावं होती: सुप्पा, राप्पा, कुठे 'कुसा', म्हणजे चक्क गवत. गवतात पडून राहणारा. दबा धरणं आणखी वेगळं काय असतं?

कोरांटी
दबा वाघही धरतो. त्यात सेइशिन कुठे आहे?

गढीवरचा
बरं, मग आधी 'घराणी' या शब्दाचंच बघा. घराणं म्हटलं की गाणं नाहीतर राजवाडा डोळ्यांसमोर येतो. इग्यात एकछत्री सरदार नव्हता. लहान लहान जमीनदार, प्रत्येकाची मातीच्या तटाची गढी, आणि सगळ्यांचा मिळून एक संघ. त्यांच्या कलमांत लिहिलंय की बाहेरून शत्रू आला तर गावोगाव घंटा वाजवायची आणि १७ ते ५० वयाच्या सगळ्यांनी मोर्च्यावर जायचं. म्हणूनच १५७९ ला ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या मुलाला त्यांनी परतवलं. १५८१ ला नोबुनागानं प्रचंड फौज पाठवली, तेव्हा मोडले. ही माणसं शेती करायची, भाऊबंदकी करायची आणि घंटा वाजली की एक व्हायची. याला 'घराणी' नको, 'भाऊबंद' म्हणा.

पारिजात
भाऊबंद म्हटलं की वाटणीचा खटला आठवतो. 'कुळे' लिहा.

गढीवरचा
कुळं म्हणजे कूळकायद्यातली का? आमच्या तालुक्यात तरी तोच अर्थ आधी येतो.

कोरांटी
ओंजळताई, एक विचारू? तुमच्या आजीचं पेव अंगणात होतं की घरात? आमच्याकडे भिंतीच्या पोटात धान्य ठेवतात त्याला बळद म्हणतात. काही जण दोन्हींना पेवच म्हणतात, ते मला पटत नाही.

ओंजळ
अंगणात, तुळशीच्या डाव्या अंगाला. बळद वेगळं, ते माजघरात होतं आणि त्या वर्षी रिकामंच होतं. येणारा-जाणारा आधी तेच बघायचा, म्हणून आजी त्याचं झाकण मुद्दाम उघडं ठेवायची.