मदत हवी आहे: कच्च्या अ‍ॅनिमॅटिकवर (स्टोरीबोर्डची स्थिर चित्रं वेळेनुसार जोडलेल्या व्हिडिओवर) उपयोगी अभिप्राय कसा मिळवायचा?

सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांवर (मिरवणुकीत तोलून नेतात त्या उंच काठ्या) दोन मिनिटांची टूडी फिल्म करतोय. मी आणि चुलतभाऊ, दोघंच, सोलापुरात. ब्लेंडर या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्या ग्रीस पेन्सिल या चित्र काढायच्या टूलने. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे 12 चित्रं. त्यामुळे क्लीनअप (कच्च्या रेघा पक्क्या करणं) सुरू झाल्यावर शॉट फेकून देणं परवडणार नाही. जे बदलायचं ते आत्ताच.

स्टोरीबोर्ड झालाय. त्यावरून कच्च्या रेघांचं अ‍ॅनिमॅटिकही केलंय, तात्पुरता आवाज लावून.

घरी दाखवलं की उत्तर ठरलेलं: "छान आहे, रंग कधी भरणार?" शिवाय इथल्या माणसाला बाराबंदी आणि उंच काठी दिसली की चित्रात नसलेलंही कळतं. बाहेरगावच्या मित्राला मात्र तोल सावरण्याचा मुख्य शॉटच समजला नाही. काठी खाली का येऊ द्यायची नाही, इथेच तो अडला.

काही न सांगता दाखवून, नंतर त्यांनाच गोष्ट सांगायला लावून पाहिलं. हे सगळ्यात कामी आलं, पण लक्ष नेमकं कुठे सुटलं ते कळत नाही. शॉट नंबर स्क्रीनवर टाकले तर लोक नंबरच वाचत बसतात!

फिल्म बिनसंवादाची आहे, निवेदन टाकायचं नाही (हा सल्ला बऱ्याच जणांनी देऊन झालाय). पैसे देऊन कुणाला दाखवणंही जमणार नाही.

टायमिंग चुकलंय की स्टेजिंग (चौकटीत काय कुठे नि कसं दिसतं ते), हे ओळखायला तुम्ही प्रेक्षकाला नेमकं काय विचारता? आणि तो मुख्य शॉट आधी रफ हलवून दाखवावा, की स्थिर चौकटींवरच निर्णय घ्यावा?