वेळ झाला की वेळ झाली?

मूळ प्रश्न

ऑफिसातली तमिळभाषक मैत्रीण मराठी शिकतेय. काल तिचा निरोप आला, 'काळजी नको, वेळात पोहोचते.' मी 'वेळेत' अशी दुरुस्ती केली. लगेच तिचा प्रश्न, मग 'थोड्या वेळेत येते' का म्हणत नाही? माझी बोलती बंद. 'वेळ' हा की ही?

प्रतिसाद

दोन्ही, पण अर्थ वेगळे. अवधी असेल तर तो वेळ, ठरलेला क्षण किंवा प्रसंग असेल तर ती वेळ. 'साहेबांना वेळ मिळाला' म्हणजे साहेब मोकळे झाले. 'साहेबांची वेळ मिळाली' म्हणजे आपली भेट ठरली. साहेब मोकळे असतील याची खात्री नाही! तसंच 'बराच वेळ झाला' आणि 'चला, वेळ झाली'. सामान्यरूपात सगळा फरक एका मात्रेचा: थोड्या वेळाने, पण अगदी वेळेवर.

तो वेळ लागतो, पुरतो, वाया जातो. ती वेळ येते, टळते, साधावी लागते. थाप मारून सुटलो तर 'वेळ मारून नेली', तिथेही तीच. 'वेळ काढणे' मात्र दोन तोंडांचं आहे. 'वेळ काढून या' म्हणताना कामातून वेळ उपसायचा असतो, 'नुसता वेळ काढतोय' म्हणताना तोच कसाबसा संपवायचा.

संस्कृत 'वेला' स्त्रीलिंगी. तिचा एक अर्थ मर्यादा, आणि समुद्राची मर्यादा म्हणजे किनारा. कोकणीत किनाऱ्याला आजही दर्यावेळ म्हणतात. 'परीक्षेची वेळ आली' यात मला हीच वेला दिसते: इथवर मोकळं पाणी, इथून पुढे जमीन.

आणखी एक

'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' ही म्हण कशी विसरलात? काका लहानपणी विहिरीत पडून वाचले, तेव्हापासून आजी दर दिवाळीला ती ऐकवायची. काळ म्हणजे मृत्यू, तो तर काठावर येऊन उभा होता. वेळ ही त्याला मिळायची परवानगी. संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात काळाला जगाच्या यंत्राचा सूत्रधार म्हटलंय आणि त्याच्या दोन शक्ती सांगितल्यात: अडवून धरणं आणि वाट मोकळी करणं. आजीने भर्तृहरीचं नावही ऐकलं नसणार.

शंका

लिंगातून एवढं तत्त्वज्ञान काढू नका. 'क्षण' पुल्लिंगी, तरी बिंदूच. 'घटका' स्त्रीलिंगी, पण चांगली 24 मिनिटांची, 60 पळांची. तुमच्या हिशेबाने उलटं व्हायला हवं होतं.

त्यावर

क्षणाचं मान्य, नियम फक्त 'वेळ'पुरता. घटकेची मात्र गंमत आहे. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका. लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडत, ते हेच. पाणी चढत असतं तोवर तो अवधी, वाटी बुडते तो क्षण. म्हणून 'घटकाभर टेक' आणि 'त्याची घटका भरली' ही दोन्ही एकाच वाटीतून निघाली. पहिल्यातली 24 मिनिटं आता कुणीच मोजत नाही. पाहुणा घटकाभर म्हणून टेकला की दोन चहा होतात.

मूळ प्रश्नकर्ती

'वेळेत' आणि 'वेळात' तिला पटलं. आता 'परवा'वर अडलीय. काल आणि उद्या वेगळे, मग त्यापलीकडे दोन्हीकडे 'परवा'च कसा? मी म्हटलं, क्रियापद बघ: परवा भेटलो, परवा भेटू. तिने मान डोलावली आणि टेबलावरच्या कॅलेंडरवर चिठ्ठी डकवली, 'परवाची सुट्टी'. झालेली की यायची, ते तिलाच विचारते.