मुख्य रिसीव्हर बाहेर आणि समोर 'द गेम': नेमकं काय बदलतं?

धागाकर्ता
ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला 'द गेम'. २६ नोव्हेंबर २०२२ ला कोलंबसमध्ये दोन्ही संघ ११-० (अकरा विजय, पराभव एकही नाही) अशा कामगिरीनिशी उतरले आणि ओहायो स्टेट घरच्या मैदानावर ४५-२३ हरली. तिचा मुख्य रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा दुखापतीमुळे बाहेर होता, आणि आज इतक्या वर्षांनीही 'जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा असता तर...' हे वाक्य काही संपत नाही. कोलंबसकर एका बाजूला, मिशिगनमधल्या नोव्हाय-ट्रॉयकडचे आपले लोक दुसऱ्या बाजूला, आणि वाद दरवर्षी त्याच वळणावर येऊन थांबतो.

म्हणून हा धागा. खापर कुणावर फोडायचं ते इथे नको. ज्यांनी सामने थांबवून-थांबवून बघितलेत, पोरांना रूट (रिसीव्हरने धावायची ठरलेली वाट) शिकवलेत, आकडे ठेवलेत, त्यांनी सांगावं: मोठा रिसीव्हर गेला की पोकळी कुठे पडते, ती भरतात कशी, आणि भरताना काय बिघडतं?

आखूड बाजू
आधी मैदानाचं माप डोक्यात घ्या, त्याशिवाय हा विषय कळत नाही. रुंदी १६० फूट, म्हणजे ५३ यार्डांहून थोडी जास्त. कॉलेज फुटबॉलमध्ये दोन हॅश मार्कमधलं (खुणांच्या दोन लांब रांगा, यांच्या दरम्यानच चेंडू ठेवून खेळी सुरू होते) अंतर ४० फूट. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) तेच साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात चेंडू हॅशवर ठेवला की एका बाजूला फक्त २० यार्ड उरतात आणि दुसऱ्या बाजूला ३३. एनएफएलमध्ये दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात, म्हणून तिथले हिशोब इथे लागू पडत नाहीत.

या २० यार्डांच्या आखूड बाजूला बहुतेक संघ आपला सगळ्यात दणकट रिसीव्हर एकटा उभा करतात. तो खरोखर मोठा खेळाडू असेल तर समोरच्या सेफ्टीला (सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूला) त्याच्याकडे कलावंच लागतं. पूर्ण डबल कव्हर (एकावर दोघे) नसलं, तरी दोन-तीन पावलं तिकडे सरकून उभं राहावं लागतं. ती दोन-तीन पावलं हीच त्या खेळाडूची खरी किंमत. तो बाहेर बसला की बचाव करणारा कोच कॉर्नरबॅकला (बाहेरच्या रिसीव्हरला धरून राहणाऱ्या बचावपटूला) सांगतो, 'तुझा तू बघ', आणि सेफ्टी मोकळा होतो. मोकळा सेफ्टी दोनपैकी एका ठिकाणी जातो: धाव अडवायला खाली, नाहीतर रुंद बाजूला आडव्या रूटच्या वाटेवर.

घरी बघायचं असेल तर स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होण्याच्या) क्षणी चित्र थांबवा. आक्रमणाच्या दोन्ही टोकांच्या आत आणि चेंडूपासून सात-आठ यार्डांपर्यंत बचावाचे किती जण आहेत ते मोजा. पाच लाइनमन आणि एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा, अडवणारा आणि झेलणाराही), म्हणजे अडवणारे सहा. समोर सहा असतील तर धाव निघते. सात असतील तर एक माणूस सुटा राहतो आणि रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) त्याला स्वतः चुकवावं लागतं. आठ असतील तर धाव जवळपास बंद. रिसीव्हर नसल्याचा पहिला फटका बरेचदा रनिंग बॅकला बसतो तो असा, आणि आकड्यांत तो 'आज धाव चालली नाही' म्हणून लपून राहतो.

तिसरा डाउन
आखूड बाजूचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण स्मिथ-एनजिग्बा मुख्यतः स्लॉटमधला, म्हणजे आतल्या बाजूने खेळणारा. तिथली पोकळी वेगळ्या जातीची असते.

एक थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) घ्या, पाच यार्ड हवेत. स्लॉट रिसीव्हर सरळ धावत सुटतो. सहाव्या यार्डावर वळायचं हे ठरलेलं, पण कुठे वळायचं ते ठरलेलं नसतं. समोरचा बचावपटू आतल्या खांद्यावर असेल तर बाहेर वळायचं. बाहेरच्या खांद्यावर असेल तर आत. झोन (प्रत्येक बचावपटू आपापली जागा सांभाळतो) असेल आणि कुणीच अंगावर येत नसेल तर दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत थांबून क्वार्टरबॅककडे (पास फेकणाऱ्याकडे) छाती करून उभं राहायचं. हा निर्णय तिसऱ्या-चौथ्या पावलाला होतो. आणि मुख्य गोष्ट ही की क्वार्टरबॅकनेही त्याच क्षणी तोच निर्णय घेतलेला असतो. रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू हातातून सुटलेला असतो.

बदली खेळाडूकडे वेग असतो, हात असतात. नसते ती ही सवय. मग तीन गोष्टी होतात. तो सहाऐवजी पाचव्या यार्डावर वळतो, झेल होतो आणि फर्स्ट डाउन (पुढचे चार प्रयत्न) मिळत नाही. किंवा झोनला मॅन (एकास एक बचाव) समजून पळत राहतो आणि थेट लाइनबॅकरच्या (मधल्या फळीतल्या बचावपटूच्या) पुढ्यात जातो. तिसरी सगळ्यात वाईट: क्वार्टरबॅकची खात्री नसते म्हणून तो वळण पूर्ण होईपर्यंत थांबतो. अडीच सेकंदांत सुटायचा चेंडू तीन सेकंद हातात राहतो आणि पास रशला (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना) तेवढंच हवं असतं. लोक लाइनला शिव्या घालतात, पण उशीर रिसीव्हरच्या जागेवरून सुरू झालेला असतो.

आकडेवाला
तंत्र पटलं, पण २०२२ च्या सामन्याला ते पूर्ण लागू होत नाही. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड, पासचे ३४९ यार्ड. रिसीव्हरांपैकी मार्विन हॅरिसन ज्युनियर ७ झेल १२० यार्ड, इमेका एग्बुका ९ झेल १२५ यार्ड, दोघांचा एकेक टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेणं). याला रिसीव्हरांचा तुटवडा कसं म्हणायचं?

आणि मोसमभराचा हिशोब बघा. स्मिथ-एनजिग्बा पहिल्याच सामन्यात नोत्र दामविरुद्ध हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) दुखापतीने बसला. सबंध मोसमात तीन सामने, ५ झेल, ४३ यार्ड. म्हणजे मिशिगनच्या दिवशी बदली खेळाडू नवखे नव्हते. संघ जवळपास त्याच्याशिवायच ११-० झाला होता.

उलट बाजूने बघा: २०२१ मध्ये तो खेळला, मिशिगनविरुद्ध ११ झेल १२७ यार्ड, तरी ४२-२७ हार. कारण मिशिगनच्या हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन धावून केले आणि एडन हचिन्सनने तीन सॅक (पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) काढले. २०२३ मध्ये हॅरिसन धडधाकट, ११८ यार्ड आणि टचडाउन, तरी ३०-२४ हार. २०२२ ला तर मिशिगनच्या कॉर्नेलियस जॉन्सनचे ६९ आणि ७५ यार्डांचे टचडाउन, डोनोव्हन एडवर्ड्सच्या ७५ आणि ८५ यार्डांच्या धावा. चार चेंडूंत ३०४ यार्ड. हे कुठल्याही रिसीव्हरने अडवले नसते.

शेवटचे वीस यार्ड
आकडेवाल्यांशी अर्धा सहमत. हार बचावामुळे झाली हे मान्य. पण एकूण यार्ड हा या प्रश्नाचा चुकीचा मापदंड आहे. मध्यांतराला ओहायो स्टेट २०-१७ पुढे होती. नंतरच्या ३० मिनिटांत तिने केले ३ गुण. यार्ड मिळत होते, गुण मिळत नव्हते.

याचं कारण जागेत आहे. चेंडू स्वतःच्या ३० वर असताना सेफ्टीला मागची ७०-८० यार्डांची भीती असते. समोरच्या १० यार्डांवर आलात की एंड झोन धरून उरतात २० यार्ड. मागे कुणी पळून जाऊ शकत नाही, म्हणून अकराही जण पुढे तोंड करून उभे राहतात. तिथे हॅरिसनसारख्याची लांब धाव निम्मी निकामी होते. दोन यार्डांच्या जागेत, पहिल्या दीड सेकंदात, एका झटक्यात सुटणारा माणूस लागतो. तिसरा डाउन यांनी वर्णन केलेला स्लॉट रिसीव्हर तिथेच कामाचा. त्याची कमतरता मोजायची तर दोनच रकाने ठेवा: थर्ड डाउनला चार ते सात यार्ड हवे असताना काय झालं, आणि २० च्या आत आल्यावर टचडाउनचे सात गुण मिळाले की किकचे तीन.

सरावाचा मंगळवार
बदली कशी करतात यावर कुणी लिहिलं नाही म्हणून. दोन पद्धती आहेत. एक, गेलेल्याच्या जागी दुसरा, बाकी सगळे जिथल्या तिथे. दुसरी, सरकवासरकवी. २०२२ ला दुसरी झाली: स्लॉट एग्बुकाने सांभाळला आणि बाहेर ज्युलियन फ्लेमिंग आला. चांगले अकरा मैदानात राहतात हा फायदा. एक माणूस गेला आणि दोन जागा बदलल्या हा तोटा.

आठवडाभर आधी कळलं तर भागतं. एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) नियमाने मोसमात आठवड्याला २० तास सराव, त्यात मीटिंगही आल्या. मुख्य योजना मंगळवार-बुधवारी बसवतात. नव्या माणसाला पहिल्या फळीबरोबर सगळे रूट देऊ नका. त्याला नीट जमतात ते पाच-सहा ठेवा, बाकीचे त्या सामन्यापुरते वगळा. गुरुवारी नवीन काही घातलं की शनिवारी ते हमखास फसतं.

चुका कुठे होतात? झेलात क्वचितच. उभं राहण्यात होतात. मैदानावर रंगवलेल्या आकड्यांचं वरचं टोक कडेपासून नऊ यार्डांवर असतं, आणि रिसीव्हर त्यावरूनच जागा धरतात. आकड्याच्या आत उभं राहायचं तिथे बदली खेळाडू बाहेर उभा राहिला, एवढ्या एका यार्डानेही आतल्या रूटची जागा आणि वेळ चुकते. दुसरी चूक हाताच्या खुणांची. हडल (खेळीआधी घोळका करून ठरवणं) न करता खेळणाऱ्या संघात खूण एकदाच मिळते. तिसरी, ब्लॉकिंग, म्हणजे बचावपटूला अडवून धरणं. कडेने जाणारी धाव बाहेरच्या रिसीव्हरच्या ब्लॉकवर उभी असते, आणि बदलीचं मूल्यमापन करताना हे कुणी धरतच नाही. मोठा रिसीव्हर गेल्यावर कडेच्या धावा आटल्या तर आधी तिथे बघा.

साडेआठची यादी
पुण्या-मुंबईहून बघणाऱ्यांसाठी: २०२३ पासून बिग टेन परिषदेतल्या (हे दोन्ही संघ जिच्यात आहेत ती) सामन्यांआधी दोन तास खेळाडूंच्या उपलब्धतेची यादी द्यावी लागते. नोव्हेंबरअखेरचा सामना तिथे दुपारी बाराचा असला तर आपल्याकडे रात्री साडेदहा, म्हणजे यादी साडेआठला. 'शंकास्पद' लिहिलेल्या हॅमस्ट्रिंगवाल्या खेळाडूचा वॉर्म-अप बघा. सरळ धाव बघून फसू नका. पूर्ण वेगातून तीन पावलांत थांबून मागे वळतो का, ते बघा. हॅमस्ट्रिंगचा ताण पूर्ण वेगात पाय पुढे टाकताना आणि झटक्यात थांबताना सगळ्यात जास्त येतो. थांबायला पाच-सहा पावलं लागत असतील तर तो खेळेलही, पण वळणाचे रूट त्याला मिळणार नाहीत, आणि हे समोरच्या कॉर्नरबॅकला पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

निळा-पिवळा
आम्हा मिशिगनवाल्यांची बाजूही मांडतो. २०२४, कोलंबस. मिशिगनचा सगळ्यात जास्त झेल घेणारा टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड बाहेर. बचावातला विल जॉन्सनही बाहेर. पासचे यार्ड सबंध सामन्यात ६२. निकाल १३-१०, मिशिगन.

कसं? रनिंग बॅक केलेल मलिंग्जच्या ३२ धावा, ११६ यार्ड. दर वेळी ४० सेकंदांचं घड्याळ शेवटापर्यंत वापरायचं, म्हणजे दोन्ही संघांना चेंडू कमी वेळा मिळतो आणि तगड्या संघाला आपला तगडेपणा दाखवायला संधी कमी उरतात. आपल्याकडे पासचा हुकमी माणूस नसेल तर सामना आखूड करणं हाच मार्ग. फक्त तो बरोबरीत किंवा आघाडीवर असतानाच चालतो. दहा गुणांनी मागे पडलात की घड्याळ तुमच्याच विरुद्ध जातं आणि मग नसलेला रिसीव्हर प्रत्येक डाउनला आठवतो.

२०२२ लाही आमचा रनिंग बॅक ब्लेक कोरम गुडघ्यामुळे दोनच धावा करून बसला होता, हे 'असता तर' म्हणणाऱ्यांनी हिशोबात धरावं.

आखूड बाजू
निळा-पिवळा यांचा मुद्दा रास्त. एक फरक मात्र नोंदवतो. आठवडाभर आधी माणूस गेला तर योजना बदलता येते. सामन्याच्या मध्ये गेला तर ती कागदावर छापलेली असते. ३१ डिसेंबर २०२२, पीच बोल (मोसमानंतरचा सामना), समोर जॉर्जियाचा संघ. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस हॅरिसनच्या डोक्याला मार लागून तो बाहेर गेला. तोवर त्याचे ५ झेल, १०६ यार्ड, दोन टचडाउन. चौथा क्वार्टर सुरू झाला तेव्हा ओहायो स्टेट ३८-२४ पुढे, आणि शेवट ४२-४१ असा जॉर्जियाच्या बाजूने. त्या क्वार्टरचा व्हिडिओ मिळवा आणि चेंडूकडे न बघता फक्त हॅरिसनच्या बाजूचा सेफ्टी बघा. हॅरिसन बाहेर जाण्याआधीच्या पाच-सहा स्नॅपना तो सेफ्टी कुठे उभा आहे, आणि नंतरच्या पाच-सहा स्नॅपना कुठे. किती पावलं सरकला ते इथे येऊन लिहा, मग पुढचं बोलू.