मदत हवी आहे: जोडीदाराला उपचारासाठी कसं आणता?

सुरक्षा क्लिनिकमधल्या (सरकारी, लैंगिक आजारांवरच्या) समुपदेशकांना विचारतेय. लघवीच्या जागेतून पू येणाऱ्या पुरुषाला करडी किट (रंगावरून ओळखायचं औषधांचं ठरलेलं पाकीट) देतो: अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, सेफिक्सिम 400 मिलिग्रॅम, एकाच वेळी समोर गिळायला लावून. पू थांबतो, गडी खूश. बायको मात्र येतच नाही. गनोरिया, क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गांत बऱ्याच बायकांना काहीच त्रास जाणवत नाही, मग "मला काय झालंय?" हा प्रश्न रास्तच. पण तिचा उपचार राहिला की त्याला पुन्हा लागण होते, आणि दोष गोळ्यांना! तिचा संसर्ग वर सरकून गर्भनलिकांना इजा करतो ते वेगळंच.

दोघांनी औषध घेतल्यावर 7 दिवस संबंध टाळा, जमलंच नाही तर निरोध, हे सांगतोच. दोघांची एचआयव्ही-सिफिलिसची तपासणीही सुचवतो.

अडतं जोडीदाराला बोलावायला पाठवतो त्या चिठ्ठीवर. आजाराचं नाव लिहिलं तर घरात भांडण. नुसतं "तपासणीस या" लिहिलं तर कोणी फिरकत नाही. फक्त किटचा रंग, तारीख आणि खोली नंबर लिहून कुणाला फरक पडलाय का? नवरा बाहेरगावी ट्रकवर असेल, तर त्याला तिथल्याच क्लिनिकात कसं जोडून देता? चिठ्ठीचा नेमका मजकूर टाकलात तर फार बरं होईल.