निवती/खवण्याच्या किनाऱ्यावर (सिंधुदुर्ग) तंबूत राहायचंय, शिंपले नक्की कधी मिळतात?

भटकभवानी: जानेवारीत आम्ही चौघं कुडाळला उतरून परुळे बाजूला जाणार आहोत, त्यात माझी नऊ वर्षांची भाची आहे जिला सध्या शिंपल्यांचं खूळ लागलंय. मालवण-तारकर्ली मुद्दाम नको, तिकडे बोटिंगवाल्यांचीच गर्दी. मागच्या वर्षी भोगव्याला दुपारी अकरा वाजता गेलो तर पाणी पार वरपर्यंत, दोन तुटक्या शिंपल्या आणि एक चप्पल मिळाली. तर १) पुळणीवर तंबू लावला तर कोणी उठवतं का आणि २) वेचायला कधी जायचं?

सुरूचंबन: उन्हात अकराला जाऊन काय मिळणार हो 😄 ओहोटीला जायचं. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसात-पावणेआठला पाणी सगळ्यात आत. अर्धा तास इकडेतिकडे होतो पण अंदाजाला चालतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जास्त आत जातं आणि वाळू जास्त उघडी पडते, अष्टमीच्या भांगाला (तेव्हा भरती-ओहोटी कमी असते) तेवढी मजा नाही. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावर दोन-तीन दिवसांनी जा, ओहोटी बरोब्बर कोवळ्या उन्हात येते आणि पोरीला पहाटे चारला उठवावं लागत नाही.

दर्याकिनारी: मी हंयसरलोच. होडये जंय वढतत थंय तंबू नको!! बाकीचं मराठीत लिहितो नायतर पुण्याची मंडळी घाबरतली. पुळण तुम्हाला रिकामी दिसते पण ती आमची कामाची जागा आहे. पहाटे रापण लागली की होडीतून जाळं समुद्रात गोल फिरवून टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, ते दोर तुमच्या तंबूवरूनच जाणार. एकदा एकांनी असाच बरोबर मधोमध तंबू लावला, आत झोपलेले, शेवटी आम्हीच चार जणांनी उचलून बाजूला ठेवला. आदल्या संध्याकाळी वाडीत जाऊन विचारा, जागाही दाखवतील आणि विहिरीचं पाणीही मिळेल. सकाळी दोराला हात लावलात तर जेवणापुरती मासळी कोणीतरी देईलच. आणि अनवाणी फिरू नका, जाळ्यातून काढून टाकलेला शिंगाळा मासा वाळूत पडलेला असतो, त्याचा काटा पायात गेला तर तारे दिसतात. गेलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

शिंपलीवाली: भाचीसाठी लिहितेय. उचललेला प्रत्येक शंख उलटा करून तोंड बघायचं. आत काही हललं की जिथून घेतला तिथेच परत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे कळत नव्हतं, अर्धी पिशवी भरून आणली, गाडीच्या डिकीत ठेवली आणि सावंतवाडी येईपर्यंत दोन शंख चालायला लागले (आत खेकडे!) आणि बाकीच्यांचा वास आठवडाभर गेला नाही, नवरा अजून टोमणे मारतो. आणि भोवऱ्यासारखा निमुळता नक्षीदार शंख जिवंत असेल तर अजिबात हातात धरू नका, त्याला विषारी नांगी असते. पोवळ्याचे तुकडे, पंख्यासारखे दिसणारे सी फॅन उचलू नका, मेलेले असले तरी नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहेत, काही मोठे शंखही त्यात २००१पासून आहेत. कवड्या, तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपा घ्या की, त्या काय कमी सुंदर असतात! घरी आणून दोन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत. व्हिनेगर नको, शिंपला चुन्याचाच असतो, व्हिनेगर त्याला खातं.

सुरूचंबन: +१. आणि रात्री शेकोटी, मोठे टॉर्च नकोत, त्या पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेड दिसला की माघारी फिरतात. तंबूची चेन मात्र बंद ठेवा, सिंधुदुर्गात फुरसं (विषारी साप) काही दुर्मीळ नाही.

भटकभवानी: बापरे, फुरसं 😳 नवऱ्याला हे सांगणार नाहीये. पंचांग काढलं, पौर्णिमेनंतरची द्वितीया शनिवारी येतेय! दर्याकिनारी, वाडीत विचारायचं म्हणजे कोणाला, सरळ कोणाच्याही घरी?

दर्याकिनारी: जाळी विणत बसलेलो म्हातारो दिसलो की त्याकाच इचारा. चाय घेतल्याशिवाय सोडूचो नाय.