वीजदर याचिकेवरच्या हरकतीत बचतीचं बंधनकारक उद्दिष्ट कसं मागावं?

हरकतदार

2025-26 ते 2029-30 या नियंत्रण कालावधीत वितरण कंपन्यांच्या ज्या पुढच्या याचिका येतील, त्यांवरच्या हरकतींचा मसुदा आत्तापासून तयार ठेवायचा आहे. मागणी एकच. कंपनीने दरवर्षी आपल्या विक्रीच्या ठरावीक टक्के युनिट ग्राहकांकडे वाचवून दाखवावीत, आणि तसं झालं नाही तर तिच्या भागभांडवलावरच्या परताव्याला कात्री लागावी.

अडचण अशी की आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाने 2010 चे डीएसएम (मागणी व्यवस्थापन) विनियम बाजूला ठेवून 2024 मध्ये नवे आणले, आणि त्यात मागणीच्या लवचीकतेचं (गरजेनुसार भार दुसऱ्या वेळेला सरकवण्याचं) बंधन कमाल मागणीच्या टक्केवारीत घातलं आहे. त्यामुळे 'उद्दिष्ट तर आहेच' असं उत्तर येणार. ते कसं खोडायचं? टक्का किती मागायचा? पंखे आणि शेतीपंप या दोन्हींची अशी आकडेमोड हवी आहे, जी सुनावणीत कुणी उलटतपासली तरी टिकेल.

लोडकर्व्ह

भार सरकवणं वेगळं आणि वीज वाचवणं वेगळं, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि उदाहरण द्या. सोसायटीचा 5 एचपीचा पंप संध्याकाळी सातऐवजी दुपारी एकला लावला, तर संध्याकाळच्या शिखरातून जवळपास चार किलोवॉट कमी होतात. लवचीकतेच्या खात्यात ती नोंद बरोबरच आहे. पण त्या पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) झिजलेला असेल, तर टाकी भरायला जितकी युनिट संध्याकाळी लागत होती तितकीच दुपारीही लागणार. ग्राहकाच्या बिलात फार तर वेळेनुसारच्या दराचा फरक पडेल, वापरात नाही.

मेगावॉटमध्ये उद्दिष्ट ठेवण्याची चूक जुनीच आहे. राज्याच्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन धोरणात पाच वर्षांत 1000 मेगावॉट बचतीचं लक्ष्य होतं. वर्षातून किती तास 1000 मेगावॉट, हे सांगितल्याशिवाय त्यातून युनिट निघत नाहीत. म्हणून मागणी युनिटमध्येच करा, आणि 'त्या वर्षी नव्याने झालेली बचत' हे शब्द विसरू नका. नाहीतर पहिल्या वर्षी बसवलेले दिवे पाचही वर्षं पुन्हा पुन्हा मोजले जातील.

टक्क्याबद्दल. युरोपीय संघाच्या 2012 च्या निर्देशात वर्षाला 1.5 टक्के नवी बचत होती. 2023 च्या सुधारणेत 2024-25 साठी 1.3, 2026-27 साठी 1.5 आणि 2028 पासून 1.9 असा चढता क्रम आला. तिथला आधार अंतिम ऊर्जावापराचा आहे, नुसत्या विजेचा नाही, तेव्हा आकडा जसाच्या तसा उचलू नका. चढता क्रम मात्र जरूर उचला. पहिल्या वर्षी 0.3, मग दरवर्षी 0.2 ची वाढ, म्हणजे पाचव्या वर्षी 1.1 टक्के. वर्षाला 1000 कोटी युनिट विकणाऱ्या कंपनीला पहिल्या वर्षी 3 कोटी युनिट वाचवावी लागतील. अवघड आहे, पण हाताबाहेरचं नाही.

आणि खर्चाचं उद्दिष्ट मान्यच करू नका. 'डीएसएमवर इतके कोटी खर्च करू' म्हटलं की पैसे जाहिराती आणि पत्रकांवर संपतात.

पंख्याचा हिशोब

साधा पंखा पूर्ण वेगावर 75 वॉट, बीएलडीसी (ब्रशविना डीसी मोटरचा) 30 वॉट. फरक 45 वॉट. रोज 12 तास आणि वर्षाला 270 दिवस धरले तर 3240 तास, म्हणजे पंख्यामागे साधारण 146 युनिट. वितरण आणि पारेषणाची गळती 15 टक्के धरा, म्हणजे निर्मितीच्या टोकाला सुमारे 172. वर लोडकर्व्ह यांनी सांगितलेली 3 कोटी युनिट निव्वळ पंख्यांतून काढायची तर दोन लाखांच्या आसपास पंखे बदलावे लागतील.

वाचलेल्या युनिटची किंमत काढून दाखवणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन पंख्यांतला फरक 1300 रुपये, आयुष्य 10 वर्षं आणि व्याज 10 टक्के धरलं, तर वर्षाचा हप्ता 212 रुपयांच्या आत बसतो. 146 ने भागा: युनिटला 1 रुपया 45 पैसे. याचिकेतल्या वीजखरेदीच्या तक्त्यातून सगळ्यात महाग स्रोताचा फिरता दर (युनिटमागे बदलणारा खर्च, स्थिर आकार सोडून) घ्या आणि त्याच्या शेजारी हा आकडा मांडा. तुलना सरासरी दराशी करू नका. बचत झाली की आधी महागडी खरेदी थांबते.

आता यात बिघडतं कुठे. पंख्याची मोटर टिकते, तिच्यावरचा ड्रायव्हरचा पीसीबी (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) व्होल्टेजच्या झटक्याने जातो. दोन वर्षांची वॉरंटी संपल्यावर तो गेला आणि सुटा मिळाला नाही, की घरात पुन्हा साधा पंखा लागतो. मग कागदावरची दहा वर्षांची बचत तीनच वर्षांची उरते आणि तोच 1 रुपया 45 पैशांचा आकडा साडेतीन रुपयांच्या पुढे जातो. म्हणून किमान पाच वर्षांची वॉरंटी आणि सुटा पीसीबी मिळण्याची अट उद्दिष्टाच्या मागणीतच घाला.

दुसरं म्हणजे भिंतीवरचा जुना रेग्युलेटर. बीएलडीसी पंखा त्यावर चालवायचा नसतो, बसवतानाच तो सर्किटमधून काढायला हवा. तिसरं, जुना पंखा परत घेऊन भंगारात काढल्याची पावती. ती नसेल तर तो पंखा आतल्या खोलीत फिरत राहतो आणि वापर उलट वाढतो.

फूटव्हॉल्व्ह

शेतीपंपाचं गणित पंख्यासारखं नेमप्लेटवरून करता येत नाही. बांधावर जाऊन मोजावं लागतं. डिलिव्हरी पाइपवर अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर, प्रेशर गेज, स्टार्टरपाशी पॉवर अ‍ॅनालायझर. सेकंदाला 6 लिटर पाणी आणि एकूण हेड (पाणी चढवण्याची उंची, पाइपमधल्या घर्षणासह) 30 मीटर असेल, तर पाण्याला मिळालेली शक्ती 6 × 30 × 9.81 भागिले 1000, म्हणजे 1.77 किलोवॉट. पंप 5 किलोवॉट ओढत असेल तर कार्यक्षमता 35 टक्के. त्याच कामाला 50 टक्क्यांचा पंप 3.5 किलोवॉट घेईल. वर्षाला 1500 तास चालला तर 2200 युनिट वाचतात, पंधरा पंख्यांइतकी.

पण ही बचत हातात पडतेच असं नाही. वीज ठरलेल्या तासांचीच असते, विहिरीत पाणी असेल तर चांगला पंप तेवढ्याच वेळात जास्त उपसा करतो. वीज तितकीच, पाणी जास्त. पिकाला ते उपयोगी असेलही, पण उद्दिष्टाच्या खात्यात त्याची युनिट धरता येणार नाहीत. म्हणून मोजणी एकेका पंपावर न ठेवता स्वतंत्र केलेल्या शेती फीडरवर (फक्त शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीवर) आणि डीपीच्या (गावातल्या रोहित्राच्या) मीटरवर ठेवा. आधीचा एक पूर्ण हंगाम, नंतरचा एक पूर्ण हंगाम, पाऊसमान आणि पुरवठ्याचे तास जुळवून. विनामीटर वापराचा अंदाज आधाररेषा म्हणून मुळीच स्वीकारू नका. अंदाजातून अंदाज वजा करून कितीही बचत दाखवता येते.

व्होल्टेजचंही लिहा. फीडरच्या शेवटच्या डीपीवर व्होल्टेज पडतं, म्हणून मोटर रिवाइंड करताना कमी व्होल्टेजवर चालेल अशी भरून घेतात. स्टार लेबलचा नवा पंप त्याच डीपीवर दिला तर तो जळतो आणि पहिल्याच रिवाइंडिंगनंतर त्याची कार्यक्षमता जाते. आधी डीपीवरचा जादा भार आणि ऑटोस्विच (वीज येताच पंप आपोआप सुरू करणारी यंत्रणा) काढायला हवेत. वीज आली की सगळे पंप एकदम सुरू झाले तर रोहित्र टिकणार नाही. कपॅसिटरने करंट आणि तारांतली गळती कमी होते, ते गळतीच्या खात्यात दाखवा, पंपाच्या बचतीत नको.

अजून एक. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत आहे. इथे वाचलेल्या युनिटचा फायदा शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही, तो राज्याच्या अनुदानात दिसतो. म्हणून पंप बदलाचा खर्च इतर ग्राहकांच्या दरात न टाकता अनुदानातून वाचणाऱ्या पैशांतून व्हावा, अशी वेगळी प्रार्थना (आयोगाकडची औपचारिक मागणी) लिहा.

हरकतदार

फार उपयोगी. शेवटचा प्रश्न: 'विक्री घटली तर महसूल बुडेल, दर वाढतील' हा मुद्दा हमखास येतो.

लोडकर्व्ह

तो अर्धा खरा आहे, म्हणून टाळू नका. स्थिर खर्चाचा बराच भाग दर युनिटमागे वसूल होतो, आणि जास्त वापराच्या स्लॅबमधल्या ग्राहकाने बचत केली की क्रॉस सबसिडीही (त्याच्या जादा दरातून इतरांना मिळणारी सवलत) घटते. पण ट्रू-अपमध्ये (वर्ष संपल्यावर आयोग करतो त्या हिशोबाच्या ताळमेळात) मान्य खर्च आणि प्रत्यक्ष महसूल यांतली तूट कंपनीला मिळतेच, तिला फक्त वाट पाहावी लागते. तेव्हा मोजलेल्या बचतीपुरती तूट दरवर्षी भरून द्यावी, असं आपणच सुचवा. आक्षेपाचा जोर तिथेच कमी होतो.

मसुद्याबद्दल थोडं. आदेशात प्रत्येक हरकत, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असं ओळीने छापलं जातं. एका परिच्छेदात पाच मागण्या घातल्या तर 'नोंद घेतली' एवढ्यावर भागतं. एक परिच्छेद, एक आकडा, एक प्रार्थना. जाहीर सूचनेतली मुदत तपासा, कंपनीला प्रत दिल्याचा पुरावा जोडा, आणि सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचं आहे हे पहिल्याच पानावर लिहा.